दुबईचा हिवाळा आणि बाहेर पळणं: १६ अंशांत इतका घाम का येतोय?

नाशिकचा_नवखा | ३ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात बदली होऊन दुबईला आलोय, राहायला करामा भागात. नाशिकला गंगापूर रोडनं सोमेश्वरपर्यंत पळायची सवय होती. डिसेंबरात तिकडे पहाटे नऊ-दहा अंश, निफाडकडे त्याहूनही खाली. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, तो आमचा हिवाळा.

इथे आल्यावर दोन महिने बिल्डिंगच्या जिममधल्या पट्ट्यावर पळालो. नोव्हेंबरच्या मध्यापासून बाहेर पडायला लागलो. आज पहाटे साडेपाचला खाडीच्या बाजूला गेलो, मोबाईलवर १६ अंश आणि आर्द्रता ९२ टक्के. चार किलोमीटरांत टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला, आणि थांबल्यावर हुडहुडी. सोळा अंशांत मला नाशिकला एवढा घाम कधी आला नव्हता.

तर प्रश्न असे. हे असं का होतं? पहाटे पळणं बरं की संध्याकाळी? आणि फेब्रुवारीत रास अल खैमाच्या अर्धमॅरेथॉनला नाव घातलंय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठवड्याला २२ किमी व्हायचे, आता ४५ होतात, एकदम हलकं वाटतंय. आणखी वाढवू का?

---

देरावाला | ३ डिसेंबर, रात्री १०.२५

आधी शेवटचा प्रश्न, कारण बाकीचे दोन पाय शाबूत असतील तरच कामाचे.

बावीसवरून पंचेचाळीस, महिन्याभरात. राव, थांबा जरा. इथे दर वर्षी हेच होतं, मी त्याला नोव्हेंबरचं भूत म्हणतो. उन्हाळाभर माणूस तीस-बत्तीस अंशांच्या दमट पहाटे रखडत पळतो. उष्णतेची सवय होताना शरीर रक्तातलं पाणी वाढवतं, घाम लवकर सुटायला लागतो, हृदय त्या कामाला सरावतं. मग नोव्हेंबरात पारा दहा अंशांनी उतरला की त्याच दमात किलोमीटरमागे पाऊण मिनिट सहज कमी होतं. वाटतं, आपण भलतेच तयार झालो. दम तयार झालेला असतो हो, हाडं आणि पोटऱ्या नसतात. त्यांना थंडीशी काही देणंघेणं नाही, त्या फक्त पावलं मोजतात.

तुम्ही तर दोन महिने पट्ट्यावर होतात, म्हणजे पायांना फुटपाथच्या फरश्यांची सवयच नाही. मी २०११ च्या हिवाळ्यात असाच सुटलो होतो. जानेवारीत नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, सहा आठवडे घरात. इथे बाहेर पळण्याजोगा हिवाळा जेमतेम चार महिने असतो, त्यातला दीड महिना मी बाल्कनीतून दुसऱ्यांना पळताना बघत काढला. बायको रोज विचारायची, "आज किती किलोमीटर बघितलंत?"

पंधरा दिवस पस्तिसावर या. मग हळूहळू वाढवा.

---

खडकवासला_कट्टा | ३ डिसेंबर, रात्री ११.०२

१६ अंशांना हिवाळा म्हणायचं असेल तर आमच्याकडे पावसाळ्यातसुद्धा हिवाळा असतो. :-)

---

दवबिंदू | ४ डिसेंबर, सकाळी ८.१५

खडकवासलाकर, ऑगस्टात या इकडे चार दिवस. मग १६ अंशांना काय म्हणतात ते तुम्हीच सांगाल.

नवखे, तुमच्या घामाचं उत्तर देते. लांब होईल, चहा घेऊन बसा.

त्या ९२ टक्क्यांनी घाबरू नका. आर्द्रतेची टक्केवारी म्हणजे भांडं किती भरलंय त्याचं प्रमाण, आणि थंड हवेचं भांडं मुळातच लहान. १६ अंशांची हवा काठोकाठ भरली तरी घनमीटरमागे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे तुमच्या पहाटेच्या हवेत साधारण साडेबारा ग्रॅम होती. ऑगस्टात इथल्या पहाटे ३१ अंश आणि ८० टक्के असतात, टक्के तुमच्यापेक्षा कमी, पण वाफ पंचवीस ग्रॅमच्या वर. घामानं भिजलेल्या कातडीलगत हा आकडा पस्तीसच्या घरात असतो. घाम उडणार तो या दोन आकड्यांतल्या फरकावर. काल तुम्हाला बावीस-तेवीसचा फरक मिळाला, ऑगस्टात मला दहाचासुद्धा मिळत नाही.

मग टी-शर्ट का भिजला? कारण तुम्ही तुलना करताय निफाडशी. तिकडच्या आठ अंशांच्या पहाटे हवेत सहा-सात ग्रॅम वाफ, शिवाय पळताना अंगात तयार होणारी उष्णता थंड हवेतच निघून जाते, घामाची वेळ फारशी येत नाही. सोळा अंश हे बसलेल्या माणसाला थंड आणि पळणाऱ्याला कोमट असतात. त्यात करामाच्या गल्ल्यांत पहाटे पान हलत नाही. आणि टी-शर्ट सुती होता ना? खरं सांगा.

म्हणून मोबाईलवर टक्के बघायचं सोडा, दवबिंदूचं तापमान बघा, म्हणजे ज्या अंशाला हवा थंड होत आणली की ते भांडं काठोकाठ भरतं आणि दव पडायला लागतं तो अंश. (हो, माझं नाव त्यावरूनच.) दहाच्या खाली असेल तर मजा. दहा ते पंधरा चांगलं. अठराच्या वर चिकचिक सुरू. चोवीसच्या वर गेला की मी घरात.

आता वेळेचं. दुबईत एकाच दिवसात दोन हवामानं असतात. रात्री वाळवंट झपाट्यानं थंड होतं आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो. दुपारी वाळू तापली की वारा फिरतो, समुद्राकडून वायव्येचा येतो आणि दमटपणा आत आणतो. जानेवारीत दुपारचं कमाल तापमान सरासरी चोविसाच्या आसपास, पहाटेचं किमान चौदा. संध्याकाळी साडेपाच-सहाला वीस-एकवीस असतं. दोन्ही वेळा चालतात. अधूनमधून दिवसभर आतल्या वाळवंटाकडूनच वारा राहतो, तेव्हा दवबिंदू पाचाच्याही खाली उतरतो. ओठ फुटतात, घाम आल्याचं कळतच नाही कारण तो लगेच उडतो, आणि घरी आल्यावर कपाळावर मीठ लागतं. त्या दिवशी पाण्याचा हिशेब चुकतो. तहान लागली नाही तरी पाणी प्या.

---

आई_पळते | ४ डिसेंबर, दुपारी १.३०

दवबिंदूताई, वाचनखूण साठवली.

वेळेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: अंधार. उन्हाळ्यात इथे साडेपाचला सूर्य वर असतो. जानेवारीच्या मध्याला सात वाजून पाच मिनिटांनी उगवतो. मुलांची शाळेची बस पावणेसातला, म्हणजे माझं सगळं पळणं अंधारात. संध्याकाळीही तेच, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्यास्त. हिवाळा आला म्हणून खूश व्हायचं आणि सूर्य फक्त शनिवार-रविवारी बघायचा.

मी अल बर्शाच्या तळ्याच्या बागेत पळते. भोवती मऊ ट्रॅक आहे, दिवे आहेत, पहाटे पाचलासुद्धा बायका चालत असतात. त्याच त्या फेऱ्या कंटाळवाण्या होतात हे खरं, पण एकटीनं पळताना मला कंटाळा परवडतो. रस्त्याच्या कडेनं पळायचंच असेल तर चकाकणारी पट्टी लावा आणि गाड्यांच्या समोरच्या दिशेनं पळा. वळणावर उजवीकडे वळणारा चालक डावीकडेच बघत असतो, त्याच्याशी नजरानजर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

---

ममझरकर | ४ डिसेंबर, रात्री ८.५०

पारा, टक्के, दवबिंदू सगळं मान्य. पण हिवाळ्यात इथे खरा मालक वारा आहे. शमाल.

उत्तरेकडून थंड हवेची लाट गेली की मागोमाग वायव्येचा वारा सुटतो, कधी दोन दिवस, कधी चार. समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. गेल्या वर्षी जानेवारीत मी काइट बीचवरून ईशान्येला, जुमेराच्या अंगानं निघालो. दहा किलोमीटर असे गेले की स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. वळलो आणि कळलं की ते कौतुक वाऱ्याचं होतं. परतीला वारा उजव्या गालावर, तिरका समोरून, आणि त्यात वाळू. डोळ्यांत, दातांत, कानांत. पोटऱ्यांवर सुया टोचल्यासारखं. पारा १९ दाखवत होता आणि मी काकडत होतो, कारण घामानं भिजलेल्या अंगावर ताशी चाळीसचा वारा. शेवटचे चार किलोमीटर चालत आलो.

तेव्हापासून नियम एकच: शमालात निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना पाठीवर घ्यायचा. आणि वाळू उडत असेल तर समुद्रकिनारा सोडून बिल्डिंगांच्या आडोशाला पळायचं. गळ्याभोवती पातळ कापडी नळी ठेवतो, गरज पडली की नाकावर ओढायची. उन्हाचा चष्मा सूर्य नसतानाही.

---

नाशिकचा_नवखा | ४ डिसेंबर, रात्री ९.३०

सगळ्यांना दंडवत. टी-शर्ट सुतीच होता. :-( उद्याच दुसरा घेतो. देरावाला काका, पस्तिसावर आलो.

ममझरकर, मला लहानपणी दमा होता, आता दहा वर्षं काही नाही. शमालात पळावं का?

---

ममझरकर | ४ डिसेंबर, रात्री ९.४४

नको. धुळीच्या दिवशी हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा आणि सरळ पट्ट्यावर पळा. डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या, विशेषतः पळायच्या आधी पंप घ्यायचा का ते. धुळीत पळून कुणी पदक देत नाही.

---

वाळवंटी_कासव | ५ डिसेंबर, सकाळी ६.१०

धुक्याचा विषय निघालाच नाही म्हणून लिहितो.

मी लांबच्या पळण्यासाठी शनिवारी अल कुद्राला जातो. मोकळं वाळवंट, सायकलींचा डांबरी मार्ग, तळी, मरमूमकडे शर्यतीच्या उंटांचे कळप. हिवाळ्याच्या पहाटे उंट फिरायला काढतात, अंगावर झूल घातलेली असते. माझं हवामान खातं तेच. उंटांवर झूल दिसली की हिवाळा आला.

तर दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पहाटे साडेपाचला तिथे उतरलो तेव्हा आकाशात तारे होते. सहाच्या सुमारास धुकं आलं. आलं म्हणजे काय, समोरून भिंत सरकत आली. दहा पावलांपुढचं दिसेना. टोपीच्या दिव्यानं आणखीच पांढरं. मला वाटत होतं मी मार्गाच्या कडेनं चाललोय, आणि अचानक कानाशी "ओऽऽ!" असा आवाज आणि चार-पाच सायकली सुसाट. एकाचं हँडल कोपराला घासून गेलं. चूक माझी होती. तो मार्ग सायकलवाल्यांचा आहे, आपण तिथे पाहुणे. बाजूच्या वाळूत बसलो आणि साडेआठपर्यंत तिथेच बसून राहिलो. सोबत दोन खजूर होते, ते पुरवून पुरवून खाल्ले.

दवबिंदूताई, हे धुकं शहरात कमी आणि तिथे जास्त का?

---

दवबिंदू | ५ डिसेंबर, सकाळी ९.००

दिवसा समुद्रवारा दमट हवा वीस-तीस किलोमीटर आत नेऊन ठेवतो. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि कोरडी वाळू आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते. जमिनीलगतची हवा दवबिंदूपर्यंत उतरली की धुकं. शहरात काँक्रीट आणि डांबर रात्रभर ऊब धरून ठेवतात, किनाऱ्याला समुद्राची ऊब असते. म्हणून करामात दोन-तीन अंश जास्त आणि धुकं विरळ, तर कुद्राला भिंत. साधारण मध्यरात्रीनंतर सुरू होतं, सूर्योदयाच्या आसपास सगळ्यात दाट, नऊ-दहाला विरतं.

रात्री झोपताना तापमान आणि दवबिंदू यांच्यात दोन-तीन अंशांचाच फरक असेल आणि वारा नसेल, तर दुसऱ्या दिवशी वाळवंटाकडे जाऊ नका. राष्ट्रीय हवामान केंद्र धुक्याचा पिवळा-लाल इशारा देतंच. अबू धाबीच्या हद्दीत तर धुक्यात महामार्गाची वेगमर्यादा ८० वर आणतात. गाडीला जो नियम, तो पायांनाही लावा.

---

देरावाला | ५ डिसेंबर, रात्री १०.१०

कासवराव, तुमच्या उंटांच्या झुलीवरून आठवलं. इथले जुने लोक उन्हाळा उतरणीला लागल्याची खूण सुहैल ताऱ्यावरून सांगतात, ऑगस्टच्या अखेरीला पहाटे दक्षिणेला दिसायला लागतो तो. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. माझी आजी अगस्तीचा उदय झाला की पाऊस सरला म्हणायची. तोच तारा तिकडे पाऊस घालवतो आणि इकडे उकाडा. अर्थात सुहैल दिसला म्हणून लगेच पळायला जाऊ नका, नंतरचे दोन महिनेही भाजूनच काढतात.

अवांतर: पळून झाल्यावर देराच्या खाडीवर एका दिरहमचा अब्रा (खाडी ओलांडणारी होडी) पकडायचा, पलीकडे बर दुबईला उतरायचं आणि करक चहा प्यायचा. करक म्हणजे आपला 'कडक'च. एवढ्यासाठी मी पळतो, बाकी सगळं निमित्त.

---

खडकवासला_कट्टा | ६ डिसेंबर, सकाळी ७.२०

चेष्टा बाजूला ठेवून एक खरा प्रश्न. जानेवारीत दुबई मॅरेथॉनला यायचा विचार आहे. सपाट मार्ग, थंड हवा, विक्रमाची जागा असं सगळे म्हणतात. मुंबईपेक्षा बरी का?

---

वाळवंटी_कासव | ६ डिसेंबर, सकाळी ११.४५

विक्रमाचं खरं आहे. गेब्रसेलासी २००८ मध्ये इथे २:०४:५३ पळाला, २०१९ मध्ये गेटानेह मोलानं २:०३:३४ केले आणि त्याच दिवशी रूथ चेपनगेटिचनं २:१७:०८. रास अल खैमाची अर्धमॅरेथॉनही तशीच वेगवान, २०२० मध्ये अबाबेल येशानेहनं १:०४:३१ चा महिलांचा जागतिक विक्रम तिथेच केला. नवख्या, तुमचा मार्ग तो.

पण ती मंडळी सूर्य वर यायच्या आत घरी जातात. माझ्यासारखा साडेपाच तासांचा माणूस पंधरा अंशांत सुरू करतो आणि शेवटचे दहा किलोमीटर बावीस-तेवीसमध्ये, सावली नसलेल्या रस्त्यावर. डिसेंबर-जानेवारीत इथला सूर्य भर दुपारीही चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे तो डोक्यावर न येता तोंडावर येतो. टोपीला पुढची झालर हवीच. सगळा मार्ग सरळसोट, जा आणि परत या. मुंबईत पेडर रोडचा चढ आहे, दमटपणा आहे, पण दर वळणाला कुणीतरी चिक्की घेऊन उभं असतं. इथे शेवटी तुम्ही, रस्ता आणि बाटलीतलं पाणी.

हवा मुंबईपेक्षा चांगली. मजा मुंबईत जास्त. हे माझं मत, भांडू नका.

---

आई_पळते | ६ डिसेंबर, दुपारी २.१५

पेडर रोडच्या चढाला 'मजा' म्हणणारा कासवच असू शकतो.

---

दवबिंदू | ९ जानेवारी, सकाळी ७.५०

धागा वर काढते. परवापासून पावसाचा अंदाज आहे. शहरात पाऊस पडला की भुयारी वाटा आणि सखल रस्ते तुंबतात, पाण्याखाली फरशी आहे की खड्डा कळत नाही. आणि हत्ताकडे डोंगरात पळायला जाणाऱ्यांनी वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याच्या पात्रात, अजिबात उतरू नये. पाऊस पाच मैलांवर पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना लोंढा येतो. पावसात वादीजवळ जमणाऱ्यांना दंडही आहे.

---

नाशिकचा_नवखा | ३ फेब्रुवारी, रात्री ८.००

मंडळी, झाली अर्धमॅरेथॉन! १:५८:४०. दोनच्या आत यायचं होतं, आलो.

दोन महिन्यांचा हिशेब देतो. डिसेंबरात दोन आठवडे पस्तीस, मग चाळीस, जानेवारीत पंचेचाळीस. नडग्या शाबूत. एक शमाल पट्ट्यावर काढला, एक धुकं झोपून. सुती टी-शर्ट बायकोनं फडकं म्हणून घेतले. शर्यतीच्या दिवशी सकाळी वारा जवळजवळ नव्हता, दवबिंदू बारा. (हो ताई, आता मी पण तेच बघतो.) पंधराव्या किलोमीटरला पाय जड झाले, तेव्हा खिशातला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. तो घशात अडकला. पळताना लाडू खाऊ नये, खजूर खावा, हे कुणी का नाही सांगितलं?

---

देरावाला | ३ फेब्रुवारी, रात्री ८.२०

अभिनंदन! लाडू खायला आधी थांबायचं असतं हो. शनिवारी खाडीवर या, करक माझ्याकडून.

---

आई_पळते | २२ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

येत्या आठवड्यात रमजान सुरू होईल. रोजे नसले तरी दिवसा रस्त्यावर बाटली तोंडाला लावत पळणं बरं दिसत नाही. मी एक तर सूर्योदयाआधी उरकते किंवा इफ्तारनंतर तासाभरानं निघते. इफ्तारच्या अगदी आधीची वेळ टाळा, सगळ्यांना घरी पोचायची घाई असते आणि गाड्या सुसाट असतात.

---

वाळवंटी_कासव | १५ मार्च, सकाळी ९.३०

आज कुद्राला गेलो होतो. उंटांवर झूल नव्हती.

---

दवबिंदू | १५ मार्च, सकाळी ९.४१

इकडेही दवबिंदू अठरा.

---

नाशिकचा_नवखा | १५ मार्च, सकाळी ९.५८

म्हणजे आता पहाटे चारचा गजर?

---

देरावाला | १५ मार्च, सकाळी १०.०५

एप्रिलपर्यंत साडेचारचा चालेल. मग चार.